माळवद का बांधत होते, आणि आता त्याचं काय करायचं?

प्रश्न विचारणाऱ्यांचं गाव परंडा तालुक्यात आहे. तिथे आजोबांनी बांधलेलं सहा खणांचं दगडी घर, वर माळवद, म्हणजे लाकडावर माती चोपून केलेलं सपाट छप्पर. ते स्वतः पुण्यात नोकरीला, सासरवाडी रत्नागिरीकडची. तिकडची उतरत्या कौलांची घरं पाहून त्यांनी विचारलंय की एकाच राज्यातली, एकच भाषा बोलणारी माणसं इतकी वेगळी घरं का बांधतात. त्यालाच जोडून दुसरा प्रश्न: गावचं घर पाडून स्लॅब टाकावा का? ठेवलं तर भूकंपाचं काय?

लातूर-धाराशिव भागात जुन्या घरांची दुरुस्ती आणि नवी बांधकामं हे माझं रोजचं काम आहे. दुसरा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक गावात विचारतात. पहिला फारसा कुणी विचारत नाही, आणि दुसऱ्याचं उत्तर तर त्या पहिल्यातच आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आभाळ बघा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे छपराचं पहिलं काम पाणी झटकून टाकणं, म्हणून ते उतरतं आणि भिंतीच्या बरंच बाहेर आलेलं. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. आपल्या आठ जिल्ह्यांची सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, परंडा-भूम-आष्टीकडे त्याहूनही कमी, आणि तोही मोजक्या दिवसांत पडून मोकळा होतो. बाकी सगळं वर्ष कोरडं. इथे घराला सांभाळायचं असतं उन्हाला. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण अठरा अंशांवर आहोत, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला दुपारचा सूर्य अगदी माथ्यावर असतो. त्या वेळी भिंतींवर ऊन फार पडत नाही, सगळा मारा छपरावर. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी ज्याच्या डोक्यावर पातळ छप्पर, तो भाजून निघतो. इथलं छप्पर जाड आणि जड असण्याचं मूळ कारण हे आहे.

दुसरं, उतरतं छप्पर करायला लांब, सरळ लाकूड लागतं आणि ते मुबलक लागतं. मराठवाड्यात धड सागवान म्हणजे किनवट-माहूरचं जंगल, आणि ते परंड्यापासून फार लांब. ज्यांची ऐपत होती त्यांनी तिथून किंवा आणखी कुठून सागवान आणवलं. बाकीच्यांकडे बांधावरची बाभूळ आणि दारातला लिंब. ही लाकडं मजबूत असतात, पण आखूड आणि वाकडी. मग घराचं मापच लाकडाने ठरवलं. खांबांवर तुळया टाकायच्या, तुळयांवर आडव्या कड्या. कडी जेवढी लांब मिळेल तेवढा खण. म्हणून आपल्याकडे घर फुटांत सांगत नाहीत, खणांत सांगतात. तुमचं सहा खणांचं घर म्हणजे मध्यम बागायतदाराचं घर.

आता जमिनीचं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, एवढी की एप्रिलमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर उथळ पाया घातला तर भिंती तडकणारच. जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी काळी ज्वारीला ठेवली आणि गाव वसवलं ते पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, किंवा मुरमाच्या उंचवट्यावर. उंचवटा मोठा नसतो, म्हणून घरं एकमेकांना चिकटून, भिंतीला भिंत, मधून बैलगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली. शहरातल्या माणसाला हा दाटपणा गैरसोयीचा वाटतो. पण अरुंद बोळात दिवसभर सावली राहते आणि सामाईक भिंतीला ऊन लागतच नाही. दगड तर पायाखालीच. सगळा मराठवाडा ज्वालामुखीच्या लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली तोच हा. बालाघाटच्या डोंगररांगेत तर नांगराला दगड लागतो. विहीर खणताना निघालेला दगड वाया जात नसे, तो थेट घराच्या भिंतीत जाई.

माळवद कसं करतात ते आता नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. कड्या टाकून झाल्या की त्यांवर ऐपतीप्रमाणे सागवानी फळ्या नाहीतर लिंबा-बाभळीच्या काटक्या, तुराट्या दाट बसवायच्या. त्यावर पाल्याचा थर, बहुतेक लिंबाचा, म्हणजे कीड-वाळवी दूर राहते. मग पांढरी माती, ओली करून, थरथराने, चोपण्याने चोपून. अगदी वर खारी माती. या मातीत क्षार असतो, तिच्यावर गवत उगवत नाही आणि पाऊस लागला की ती मिटून घट्ट बसते. सगळ्या छपराला बोट-दोन बोटं ढाळ पन्हाळीकडे. दरवर्षी मृगाच्या आधी घरातली माणसं वर चढणार, भेगा बघणार, उंदराची बिळं बुजवणार, खारी मातीचा नवा हात देणार आणि चोपून काढणार. पावसाळ्यात कुठे ठिबकलं की भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन कुणीतरी वर जायचं आणि त्या जागी मातीचं टोपलं टाकून पायाने दाबायचं. ही टोपली लक्षात ठेवा.

अशा छपराखाली उन्हाळ्याच्या दुपारी जाऊन बसा. दोन फूट जाड दगड-मातीतून ऊन आत पोहोचायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचा दाह आत येईपर्यंत मध्यरात्र, आणि तोवर घरातली माणसं अंथरूण घेऊन वर माळवदावर गार वाऱ्यात झोपलेली. दिवस खाली, रात्र वर. थंडीत याच्या उलट, रात्री घर उबदार. दिवसा त्याच माळवदावर कुरडया, पापड, मिरच्या, तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या. घरं चिकटून असल्यामुळे बायका माळवदांवरूनच एकमेकींकडे जात. दिवसा गल्लीत येण्यावर बंधनं असलेल्या सुनांना ती एक मोकळी वाट होती. सपाट छपराचं हे मोल कुठल्याच बांधकामशास्त्राच्या पुस्तकात येत नाही, पण घर जपायचं की पाडायचं यावर म्हाताऱ्या बायकांशी बोललात तर त्या आधी हेच सांगतात.

आत या. आधी ढेलज, तिथे बाहेरचा माणूस बसणार, घोंगडीवर पान-सुपारी होणार. मग अंगण किंवा चौक, आभाळाला उघडा. एका अंगाला दावण. बैल घरातच, कारण बैल म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं धन आणि रात्री त्याच्यावर कान हवा. मोठ्या वाड्याचं कवाड भरलेली गाडी आत येईल एवढं रुंद. मग ओसरी, आणि तिच्या मागे माजघर, अंधारं. रस्त्याच्या बाजूला खिडकी जवळजवळ नाही. उजेड येतो तो साण्यातून, म्हणजे माळवदात ठेवलेल्या झरोक्यातून, धूरही तिथूनच जातो. दुपारी साण्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडतो आणि तो जमिनीवरून सरकताना बघून बायका वेळ ओळखत. भिंतीत कोनाडे, दिव्याला दिवळी, दाराला आतून आडवा अडसर.

हा अंधार अज्ञानातून आलेला नाही. आतल्या खोलीत तीन गोष्टी जपायच्या असत: देव, धान्य आणि बाळंतीण. मराठवाड्यात तीन-चार वर्षांतून एकदा पाऊस दगा देणार हे प्रत्येक पिढीने पाहिलं, 1972 चा दुष्काळ तर अजून कितीतरी घरांत बोलण्यात असतो. म्हणून घर हे आधी धान्याचं कोठार. भिंतीच्या पोटात बळद, आणि अंगणात किंवा वेशीजवळ जमिनीत पेव. पेव पांढरीत किंवा मुरमातच खणायचं, काळ्या मातीत ओल धरते. आत ज्वारी भरून तोंड लिंपून टाकलं की ती वर्षानुवर्षं टिके. उघडल्यावर मात्र लगेच उतरायचं नाही. कोंडलेली हवा विषारी झालेली असते, म्हणून तोंड उघडं टाकून आधी कंदील खाली सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरणार. एवढं सगळं धान्य पोटात ठेवणाऱ्या घराला रस्त्याकडे खिडक्या कोण ठेवील? त्यात हा सगळा मुलूख शतकानुशतकं सरहद्दीचा. देवगिरी, औसा, परंडा, कंधार, सगळे किल्ले लढायांचे. पाटील-देशमुखांच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या, बुरुजांसकट, अजून कितीतरी गावांत ढासळत उभ्या आहेत. जाड भिंत ही उन्हासाठी जितकी, तितकीच धास्तीपोटी आणि प्रतिष्ठेपोटी. ज्याची भिंत जाड, त्याचं घराणं मोठं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘मराठवाड्यातलं घर’ म्हटलं की लोक वाड्याचाच फोटो काढतात. माती, ऊन आणि पाऊस सगळ्या गावाला सारखे होते, घरं सारखी नव्हती. पांढरीचा उंचवटा आणि विहिरीजवळची जागा वतनदारांची, त्यांच्या भोवती बलुतेदार, आणि महारवाडा-मांगवाडा गावकुसाबाहेर, बहुतेक ठिकाणी पूर्वेला. पश्चिमेचा वारा गावावरून तिकडे जाई, तिकडचा गावात येत नसे, असा त्यामागचा हिशेब जुने लोक सांगतात. भूगोलाचा असाही वापर माणसं करतात. तिथली घरं कुडाची: तुराट्या-पळाट्यांचा कुड उभा करून शेणामातीने लिंपलेला, वर गवत नाहीतर उसाच्या पाचटाचं छप्पर. ज्या रानात राबायचं त्याच रानातल्या काड्यांचं घर. दगड फोडणारे वडार आणि घडवणारे पाथरवट स्वतः फार क्वचित दगडी घरात राहिले.

लमाणांचे तांडे आणखी वेगळे, गावापासून लांब, माळरानावर किंवा डोंगरउतारावर, नाईकाच्या घराभोवती जमलेले. आणि बीड जिल्ह्यातलं एक घर तर नकाशावर येतच नाही: ऊसतोड कामगारांची कोपी. दिवाळीच्या आसपास गावच्या घराला कुलूप लागतं, मागे म्हातारी माणसं राहतात, आणि कुटुंब कारखान्याच्या फडावर पाचटाच्या, बांबूच्या वा पट्ट्यांच्या कोपीत चार-पाच महिने काढतं. अर्धं आयुष्य ज्या आसऱ्याखाली जातं त्याला न्हाणी नाही, दाराला कडी नाही, आणि बाळंतपणंसुद्धा तिथेच होतात. घर आणि संस्कृती यांवर बोलताना मला ही कोपी वगळता येत नाही.

खुद्द मराठवाड्यातही फरक आहेतच. गोदाकाठी पैठण, गंगाखेड, नांदेडला गाळाची माती असल्याने वीट आहे, म्हणून दगडी जोत्यावर विटांची भिंत आणि कोरीव सागवान. किनवटकडे लाकूड आणि पाऊस दोन्ही जास्त, तिथे कौलं-कवेलू आणि उतरतं छप्पर दिसतं. छत्रपती संभाजीनगर म्हणजे मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेलं खडकी. त्याने जमिनीखालून नहरीने पाणी आणलं आणि म्हणून तिथल्या जुन्या घरांच्या चौकात हौद आला. चौक, ओसरी, दालान हिंदू वाड्यात आणि मुसलमान घरात एकाच घडणीचे. फरक पडदा कुठे पडतो आणि पाहुणा कुठे थांबतो एवढ्याचा. बांधणारे गवंडी-सुतार तेच होते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, त्याची छाप कमानींवर आणि दिवाणखान्यांवर दिसते. त्यात जास्त खोल शिरत नाही.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. तीव्रता 6.2, जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच. तरी लातूर-धाराशिव जिल्ह्यांतली सात हजारांहून अधिक माणसं गेली, गावंच्या गावं दगडांचे ढीग झाली. त्यानंतर आपल्याकडे एकच वाक्य घट्ट बसलं: दगड-मातीने माणसं मारली. मला हे वाक्य अपुरं वाटतं, आणि अपुरं निदान झालं की औषधही चुकतं.

भिंत कशी होती ते बघा. दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड, पण एकसंध नाही. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक पदर, मधे चिपा आणि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड, ज्याला आम्ही बांधदगड म्हणतो, तो नसायचा. काळा पाषाण घडवायला अवघड, दोन-तीन फूट लांबीचा दगड काढायला पाथरवटाची मजुरी फार, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते टाळलं गेलं. मसाला मातीचा. हलल्यावर दोन्ही पदर फुगले आणि वेगळे होऊन एक बाहेर, एक आत कोसळला.

आणि वर ती टोपली. दरवर्षी नवा हात देताना जुनी माती खरवडून काढायची, असा मूळ नियम. काढणं कष्टाचं, घालणं सोपं. गळलं की टोपलं, मृगाआधी थर, असं पन्नास वर्षं चाललं की आठ-दहा इंचांचं माळवद दोन-अडीच फुटांचं होतं. हिशेब करून बघा. दहा बाय पंधराची खोली, वर दोन फूट माती: तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास. ब्रासला साडेचार टन धरले तरी साडेतेरा टन वजन झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. सप्टेंबरअखेर ती माती ओली, म्हणजे आणखी जड. ज्यांच्या घरात खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता, तिथे कितीतरी ठिकाणी भिंती पडूनही माळवद लाकडावर उभं राहिलं. आणि कुडाच्या, गवताच्या छपराखाली झोपलेली गरीब माणसं वाचली.

त्या भागाला धोका होता हेही लोकांना ठाऊक नव्हतं. 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीला धक्के बसले होते, तरी नकाशावर हा प्रदेश सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 च्या सुधारणेत तो तिसऱ्या पट्ट्यात आला. शेकडो वर्षं ज्या संकटाचा अनुभव नाही, त्याची तजवीज परंपरेत येत नाही. कोकणातल्या घराने पाऊस शिकून घेतला, आपल्या घराने ऊन, चोर आणि दुष्काळ शिकून घेतला. भूकंपाचा धडा मात्र कुणी दिलाच नव्हता.

पुनर्वसन झालं ते प्रचंड होतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. जागतिक बँकेच्या मदतीने 52 गावं नव्या जागी पूर्ण उभी केली, शिवाय शेकडो गावांत दुरुस्ती आणि पुनर्बांधणी झाली. पण घर कुणाला केवढं, हे जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला 400, मोठ्याला 750. गावं कॉलनीसारखी आखली, सरळ रुंद रस्ते, सुटी घरं. भूकंपाच्या दृष्टीने योग्यच. पण गल्लीतली सावली गेली, सामाईक भिंत गेली, रान लांब पडलं. ढेलज नाही, दावणीला जागा नाही, कडबा ठेवायला जागा नाही, आणि वर पातळ स्लॅब. आज त्या वसाहतींत फिरलात तर प्रत्येक घरापुढे लोकांनी स्वतःहून काय जोडलंय ते दिसेल: पत्र्याची ओसरी, जनावरांचं छप्पर, भोवती कुंपणभिंत घालून केलेलं अंगण, मागे उघडी चूल. नकाशात नसलेलं घर माणसांनी हळूहळू परत बांधलं. नव्या घरात काय हवं हे मला कुणी विचारलं, तर मी त्यांना हे जोडकाम बघून यायला सांगतो.

बाकीच्या मराठवाड्यात, जिथे एक दगडही पडला नव्हता, तिथेही भीतीने माळवदं उतरली. सागवान विकलं गेलं, वर पत्रे आले किंवा स्लॅब. पाच इंचांच्या स्लॅबमधून ऊन तीन-चार तासांत आत उतरतं, पत्र्यातून तर काही मिनिटांत. संध्याकाळी जेव्हा घर गार हवं, तेव्हाच स्लॅब तापून वरून आग ओकत असतो. मग कूलर, आणि कूलरला पाणी, तेही टँकरच्या गावात.

तर तुमच्या घरासाठी माझं मत. सरसकट पाडू नका आणि आहे तसं ठेवूही नका.

सगळ्यात धोक्याचं काम, जे मी आजकाल फार बघतो, ते म्हणजे माळवद उतरवून त्याच जुन्या मातीतल्या दगडी भिंतींवर स्लॅब टाकणं. वरून घर पक्कं दिसतं. भिंती मात्र त्याच, न बांधलेल्या दोन पदरांच्या, आणि आता लाकडी सांगाड्याचा आधारही काढून टाकलेला. कुणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी हे करू नका.

आधी वाळवी बघा. प्रत्येक खांब जोत्यालगत आणि तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे टोच्याने टोचून तपासा. टोचा सहज आत जात असेल तर ते लाकूड गेलं. निम्म्याहून अधिक खांब-तुळया शाबूत असतील, भिंतींना पोट आलेलं नसेल आणि कोपरे फाटलेले नसतील, तर घर वाचवण्यासारखं आहे. मग माळवदाची माती खरवडून सहा-आठ इंचांवर आणा, मधे जाड प्लॅस्टिकचा कागद घाला म्हणजे गळती थांबते आणि दरवर्षी टोपलं घालायची वेळ येत नाही. माती काढताना एका बाजूने खोऱ्याने ओढत ढीग करू नका, सगळीकडून सारखी, थोडी थोडी उतरवा. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे टेकू, लाकडी किंवा लोखंडी, नट-बोल्टने पक्के. भिंतीत दर तीन-चार फुटांवर काळजीने दगड काढून आरपार भोक, त्यात सळई टाकून काँक्रीट, म्हणजे आजोबांच्या गवंड्याने न घातलेला बांधदगड तुम्ही आज घातला. आणि दारांच्या वरच्या पातळीला, भिंतीच्या आतून-बाहेरून, वेल्डमेशच्या जाळीचा आणि सिमेंट मसाल्याचा पट्टा सगळ्या घराभोवती अखंड फिरवा. आतला आणि बाहेरचा पट्टा सळईने एकमेकांना बांधा. हे काम जाणकार इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करायचं, गवंड्यावर सोडायचं नाही. किल्लारीनंतरच्या दुरुस्त्यांत हेच उपाय वापरले गेले आणि कमी मजबुतीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक 13828 त्याच 1993 सालापासून उपलब्ध आहे.

लाकूड खाल्लेलं निघालं, भिंतींना पोट आलेलं असेल, तर मन घट्ट करून उतरवा. उतरवताना चांगलं सागवान, दगडी जोतं, कवाडं विकू नका, नव्या घरात वापरा. नवं बांधताना जागा काळ्या मातीची असेल तर पाया मुरमापर्यंत न्या, त्यात काटकसर नाही. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे सलग काँक्रीटचे पट्टे घ्या. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंतींना ऊन कमी. पश्चिमेला ओसरी, न्हाणी, कोठी असं काहीतरी मधे घाला. झोपायची खोली त्या अंगाला नको. मधे उघडा चौक जमत नसेल तर निदान छताशी हवा बाहेर जाईल असा झरोका ठेवा, साण्याचं काम तो करील. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वरून पांढऱ्या फरशीच्या तुकड्या किंवा दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात द्या. यानेच आतल्या तापमानात जाणवण्याइतका फरक पडतो. वर जायला जिना मात्र धड, रुंद करा, लोखंडी शिडी नको. आई-काकूंना वाळवण घेऊन आणि रात्री अंथरूण घेऊन त्याच जिन्याने वर जायचंय.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा माळवदात चार ठिकाणी पहार घालून मातीची जाडी मोजा, आणि खांबांचे बुंधे टोचून बघा. जाडी फुटाच्या वर भरली तर बाकी निर्णय नंतर घ्या, पण ती माती मृगाच्या आधी उतरवा. तोवर त्या खोल्यांत कुणाला झोपू देऊ नका.